स्पॅनिशची गल्लीतली बोली : एक शहर धरा, चौघं मिळून शिका

पुस्तकी स्पॅनिशमध्ये बस पकडणं म्हणजे 'कोखेर एल आउतोबूस'. माद्रिदमध्ये हे वाक्य दिवसातून दहादा कानावर पडतं. अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्वेनोस आयरेसमध्ये, किंवा मेक्सिको सिटीत तेच म्हणालात, तर समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो, कारण तिथे 'कोखेर' हे शरीरसंबंधासाठीचं असभ्य क्रियापद आहे. तिथे बस 'तोमार' करायची. आमच्या गटातल्या एकीने हे वाक्य अर्जेंटिनाच्या मैत्रिणीला पहिल्याच फोनवर ऐकवलं. त्या बिचारीने फार मायेने समजावून सांगितलं. त्या रविवारी आम्ही ठरवलं की यापुढे कुठलाही शब्द वहीत घ्यायच्या आधी त्याचं गाव विचारायचं.

पुण्यात आम्ही चौघं चार वर्षं दर रविवारी दीड तास बसतो. परीक्षेपुरतं स्पॅनिश क्लासमध्ये झालं, पण माणसांशी बोलायचं स्पॅनिश आम्ही एकमेकांबरोबर शिकलो. आमची पद्धत जशी घडत गेली तशी इथे मांडतो. तुम्ही नाशिकला असा, पणजीला असा की दुबईत, ती कुठेही चालेल.

सुरुवात कधी करावी

ए-२, म्हणजे सहा पातळ्यांपैकी दुसरी, पुरी झाल्यावर. भूतकाळाचे दोन्ही प्रकार डोक्यात नीट बसले नसतील, तर बोलीच्या नादी लागू नका. बोलीतलं वाक्य भरभर येतं आणि अर्धं गिळलेलं असतं. त्याचा सांगाडा ओळखता आला, तरच त्यातला नवा शब्द वेगळा दिसतो.

एकच शहर निवडा

सगळ्यात महत्त्वाचं पाऊल हेच आहे आणि नवखे लोक नेमके इथेच घाई करतात. स्पॅनिश २० देशांची राजभाषा आहे, शिवाय पोर्तो रिको. इंटरनेटवर 'स्पॅनिशमधले ५० भन्नाट शब्द' अशा याद्या मिळतात. त्यात दहा देशांचे शब्द एका टोपलीत टाकलेले असतात. मालवणी, वऱ्हाडी आणि अहिराणी शब्द एकाच वाक्यात घालून बोलणारा माणूस डोळ्यांसमोर आणा, म्हणजे काय घोटाळा होतो ते कळेल.

एकच शब्द गावागणिक कसा फिरतो पाहा. 'ग्वाग्वा' क्युबात बस, तर चिलीत तान्हं बाळ. 'तिंतो' स्पेनमध्ये लाल वाइन आणि कोलंबियात साधी काळी कॉफी, तीसुद्धा सकाळी सातला ऑफिसात विचारतात ती. मेक्सिकोचा 'आओरीता' शब्दशः 'आत्ताच', पण तो पाच मिनिटं, संध्याकाळ किंवा कधीच नाही, यांपैकी काहीही असू शकतो. 'हा काय, निघालोच' असं अंघोळीच्या आधी फोनवर सांगणाऱ्या आपल्या लोकांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

शहर कसं निवडायचं? कामाचा संबंध असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर, ज्या शहरातला निदान एक माणूस तुमच्याशी नियमित बोलायला तयार आहे, ते शहर. संगीत, फुटबॉल, मालिका ही आवड दुसऱ्या नंबरवर ठेवा, कारण मालिका तुम्हाला दुरुस्त करत नाही.

मेक्सिको निवडलंत तर तिथल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतून आलेले शब्द पावलोपावली भेटतील. जिवलग मित्राला तिथे 'क्वाते' म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ 'जुळा'. कोलंबियाची राजधानी बोगोता निवडलंत तर मित्रामित्रांत, भावाभावांतही आदरार्थी 'उस्तेद' ऐकू येईल आणि तो दुराव्याचा नसतो, हे अंगवळणी पडायला वेळ लागेल. स्पेन निवडलंत, तर एक गोष्ट मराठी माणसाने जरूर लक्षात घ्यावी. तिथल्या बोलीत रोमा (जिप्सी) लोकांच्या 'कालो' भाषेतले शब्द मुरलेले आहेत. पोरगा म्हणजे 'चाबाल', राबणं म्हणजे 'कुर्रार'. रोमांची भाषा मूळची भारतीय-आर्य कुळातली. कालोत पाण्याला 'पान्यी' म्हणतात. आणि 'चाबाल'च्या मुळाशी जो रोमानी 'छावो' आहे, तो आणि आपला 'छावा' एकाच प्राकृत घरातले. हे कळलं त्या दिवशी आमच्यापैकी दोघं माद्रिदकडे वळायला निघाले होते.

तरी आम्ही ब्वेनोस आयरेस धरलं, कारण फोनवर बोलणारी मैत्रीण तिथली होती. पुढची उदाहरणं म्हणूनच तिथली.

टिपणं देवनागरीत घ्या

हा सल्ला क्लासमध्ये मिळत नाही, पण आमचे उच्चार याच एका सवयीने सुधारले. रोमन अक्षरं दिसली की आपली जीभ नकळत इंग्रजी शाळेत जाते आणि 'तोमार'चा 'टोमार' होतो. स्पॅनिशचे त आणि द दंत्य आहेत, थेट आपले. प, त, क यांत हवा सोडायची नाही, तीही आपलीच रीत. साधा 'र' आपलाच, आणि जोड 'र्र' 'कुर्रेबाज'मधल्यासारखा घोळवायचा. म्हणून ऐकलेला शब्द आधी देवनागरीत लिहा, ज्या अक्षरावर जोर आहे त्याखाली रेघ ओढा, मगच कोशात त्याचं स्पेलिंग शोधा.

ब्वेनोस आयरेसच्या उच्चाराच्या दोन खुणा लगेच पकडता येतात. स्पेनमध्ये जिथे 'य'च्या जवळचा आवाज येतो, तिथे हे लोक 'श' म्हणतात: मी म्हणजे 'शो', रस्ता म्हणजे 'काशे', पाऊस म्हणजे 'शुबिया'. आणि व्यंजनाआधीचा 'स' सैल होऊन नुसता श्वास उरतो. 'एस्तो'चं 'एह्तो' होतं. विसर्ग म्हणायची सवय असलेल्या माणसाला हा आवाज पहिल्या झटक्यात जमतो.

आधी 'बोस', मग बाकी सगळं

स्लँगच्या आधी तिथलं 'तू' शिका. पुस्तकी स्पॅनिशमध्येही 'तू' म्हणजे 'तू'च. अर्जेंटिनात मात्र तसं म्हणत नाहीत, 'बोस' म्हणतात, आणि क्रियापदं त्याप्रमाणे बदलतात. नियम इतका सोपा आहे की नवख्याने आनंदाने स्वीकारावा: मूळ क्रियापदाच्या शेवटचा 'र' काढून 'स' लावा आणि जोर शेवटच्या अक्षरावर द्या. 'आब्लार'चं 'आब्लास', 'कोमेर'चं 'कोमेस', 'बिबीर'चं 'बिबीस'. पुस्तकात 'त्येनेस', 'क्येरेस' असे आतले स्वर बदलून छळणारे प्रकार पाठ केले असतील. इथे ते सरळ 'तेनेस', 'केरेस'. आज्ञा द्यायची तर 'र' नुसता गाळायचा: 'बेनी' म्हणजे ये, 'मिरा' म्हणजे बघ. अपवाद मोजके. 'तू आहेस' म्हणजे 'सोस' आणि 'जा' म्हणजे 'आंदा', एवढे दोन आधी पाठ करा.

सरावासाठी अर्जेंटिनाचा व्यंगचित्रकार कीनो याची 'माफाल्दा' ही चित्रकथा उत्तम. ती १९६४ ते १९७३ या काळात छापली गेली, संवाद सगळे 'बोस'मधले आणि वाक्यं छोटी. चौघांनी एकेक पात्र घेऊन मोठ्याने वाचायचं. दोन महिने आम्ही दुसरं काही केलं नाही.

गट कसा बांधावा

चार माणसं. तिघांत एक गैरहजर राहिला की बैठक मोडते. सहांत दोघं बोलतात आणि चौघं ऐकतात. पातळी सगळ्यांची अगदी सारखी नसली तरी चालेल, पण वेळ पाळणारे हवेत. दर रविवारी प्रत्येकाने एकच शब्द आणायचा. यादी आणायची नाही.

आणि शब्द एकटा आणायचा नाही. तो कोणी, कोणाला, कुठे, कशा सुरात म्हटला, हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून आणायचं. उदाहरण देतो. 'फियाका'. अर्थ आळस, कंटाळा. एवढंच लिहिलं असतं तर आठवड्यात विसरलो असतो. चिठ्ठीवर होतं ते असं: सकाळच्या रेडिओ कार्यक्रमात निवेदक सहकाऱ्याला म्हणतो, बाहेर पाऊस, सोमवार, 'मे दा फियाका'. आणि खाली आमच्या एका सोबत्याने लिहिलं होतं: 'उठायचं जिवावर आलंय'. तो शब्द आम्ही कोणीच पुन्हा विसरलो नाही. मराठी प्रतिशब्द शोधू नका. त्या प्रसंगात आपल्या घरात काय म्हटलं जाईल, ते शोधा.

चिठ्ठी वाचून झाली की बाकी तिघांनी त्या शब्दाचा एकेक प्रसंग रचून बोलून दाखवायचा. इथे चुका होतात आणि त्या आपल्याच माणसांसमोर होतात, म्हणून बिनधास्त होतात. 'बांकार' या क्रियापदावर आमची एक पूर्ण बैठक गेली. 'ते बांको' म्हणजे मी तुझ्या पाठीशी आहे. 'बांकामे उन तोके' म्हणजे जरा थांब ना. आणि 'नो लो बांको' म्हणजे तो मला सहनच होत नाही. तिन्ही एकाच मुळातून येतात, ही गोष्ट शब्दकोश एका ओळीत सांगतो, पण चार जणांच्या बारा प्रसंगांनंतर ती कानात बसते.

शेवटची पंधरा मिनिटं मराठी बंद. फक्त त्या दिवसाचे चार शब्द वापरून गप्पा मारायच्या.

शब्दांच्या मागची माणसं

ब्वेनोस आयरेसच्या बोलीला 'लुन्फार्दो' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदरात उतरलेल्या, दाटीच्या सामायिक वाड्यांत राहणाऱ्या स्थलांतरितांमधून ती वाढली. १९१४ च्या जनगणनेत अर्जेंटिनातला जवळपास दर तिसरा माणूस परदेशात जन्मलेला होता, आणि राजधानीत तर जवळजवळ निम्मे. त्यात इटालियन सर्वाधिक. म्हणून काम म्हणजे 'लाबूरो', खाणं म्हणजे 'मोरफार', आणि वरचा 'फियाका'सुद्धा इटलीहूनच आला. बस म्हणजे 'बोंदी', हा ब्राझीलच्या ट्रामच्या नावावरून. सिगारेट म्हणजे 'पूचो' आणि मैदान म्हणजे 'कांचा', हे अँडीज पर्वतातल्या मूळ रहिवाशांच्या क्वेचुआ भाषेतले. या बोलीचा अभ्यास करणारी एक अकादमी १९६२ पासून त्या शहरात आहे, यावरून तिथले लोक तिला किती जपतात ते समजावं.

पैशाचे शब्द मराठी कानाला विशेष लागतात. पैसा म्हणजे 'गीता'. आणि खिशात दमडी नाही, तर 'नो तेंगो उन मांगो'. आंब्याचा मोसम नसला तरी हे वाक्य चालतं. हजाराला 'लूका', दहा लाखांना 'पालो'.

या बोलीतला एक खेळ आहे 'बेसरे'. स्पॅनिशमध्ये 'रेबेस' म्हणजे उलट; तोच शब्द उलटला की 'बेसरे'. अक्षरांची जागा बदलायची: टँगो म्हणजे 'तांगो', त्याचं 'गोतान'; 'आमीगो'चं 'गोमीया'; 'काफे कोन लेचे'चं 'फेका कोन चेले'. लहानपणी मोठ्यांना कळू नये म्हणून आपण 'च'ची भाषा बोलायचो, पहिलं अक्षर शेवटी नेऊन पुढे च लावायचो, 'तुला'चं 'चलातु' करायचो, तसंच. फरक इतकाच की तिथे मोठी माणसं अजून बोलतात. आमच्या बैठकीत हा खेळ पाच मिनिटांचा ठरला होता, तो तासभर चालला, आणि अक्षरं तोडण्याची सवय लागल्याने गिळलेली वाक्यंही बरी ऐकू येऊ लागली.

टँगोची जुनी गाणी लुन्फार्दोने भरलेली असतात. ऐकायला जरूर ऐका. पण त्यातले बरेच शब्द आज रस्त्यावर कोणी बोलत नाही, म्हणून चिठ्ठीवर 'जुना' असा शिक्का मारा.

काय बोलावं, काय नुसतं ऐकावं

'बोलूदो' हा शब्द तुम्हाला पहिल्या तासात वीस वेळा ऐकू येईल. मूळ अर्थ अश्लील. मित्राने मित्राला म्हटला तर 'अरे', अनोळखी ड्रायव्हरला काचेतून म्हटला तर भांडण. कोल्हापुरात जिवलग मित्राला ज्या शिवीने हाक मारतात, ती बाहेरून आलेल्या माणसाने पहिल्या भेटीत वापरली तर काय होईल? अगदी तेच. शब्द कळणं आणि तो तोंडात घेण्याचा हक्क मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा हक्क फक्त समोरच्याच्या ओळखीतून मिळतो.

आमचा नियम असा: तीन वेगळ्या माणसांकडून, तीन वेगळ्या प्रसंगांत ऐकल्याशिवाय शब्द वापरायचा नाही. शिवीच्या जातीचा असेल तर समोरच्याने आपल्याला तसं म्हटल्याशिवाय मुळीच नाही. तोवर निर्धोक शब्दांनी काम भागवा. 'दाले' म्हणजे बरं, चालेल. हा एकटा अर्धं संभाषण निभावतो. हाक मारायला 'चे'; क्रांतिकारक एर्नेस्तो गेवाराला 'चे' हे नाव त्याच्या तोंडी सतत असलेल्या या शब्दामुळेच पडलं. मुलगा म्हणजे 'पीबे'. आणि 'खूप'साठी 'रे': 'रे लिंदो' म्हणजे फारच छान. हा 'रे' ऐकला की आपल्याला कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं, ते दोन आठवड्यांत जातं.

माते, न्योकी आणि २० जुलै

नुसते शब्द घेतले तर अर्धंच हाती लागतं. महिन्यातून एक बैठक आम्ही खाण्यापिण्याची ठेवतो.

'माते' हे तिथलं कडवट हिरवं पेय. एकच भोपळ्याचं भांडं, त्यात पाल्याचा चुरा, धातूची नळी म्हणजे 'बोम्बिशा'. एक जण गरम पाणी ओततो आणि भांडं फिरवतो. प्रत्येकाने आपला वाटा पूर्ण संपवून त्यालाच परत द्यायचं. नळी ढवळायची नाही. आणि भांडं परत देताना 'ग्रासियास' म्हणायचं नाही! 'ग्रासियास' म्हणजे 'मला आता पुरे'. आमच्याकडे एकदा अर्जेंटिनातल्याच रोसारियो शहराच्या एक पाहुण्या बाई आल्या होत्या. मी पहिल्याच फेरीत सवयीने आभार मानले आणि पुढच्या तीन फेऱ्या भांडं माझ्यासमोरून निघून गेलं. कोणी सांगेपर्यंत मला कारण कळलं नाही. आता हा पाला भारतात ऑनलाइन मिळतो; उकळतं पाणी मात्र घालू नका, जळतो.

दर महिन्याच्या २९ तारखेला तिथे घरोघरी 'न्योकी', म्हणजे बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे, करतात, महिनाअखेरचं स्वस्त जेवण, आणि ताटाखाली नोट ठेवतात, बरकत राहावी म्हणून. यावरूनच, सरकारी हजेरीपटावर नाव असलेला पण फक्त पगार घ्यायला उगवणारा माणूस म्हणजे 'न्योकी'. हा शब्द आमच्या गटातल्या सरकारी नोकराला सर्वांत आधी पाठ झाला. जेवताना आणखी एक गंमत निघाली: अर्जेंटिनात अननसाला 'आनाना' म्हणतात आणि 'बताता' म्हणजे रताळं. आपला अननस आणि बटाटा गोव्यात उतरलेल्या पोर्तुगीजांकडून आले, म्हणून हे सख्खेपण.

२० जुलै हा तिथला मैत्रीदिन, १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला ती तारीख. त्या दिवशी तिकडच्या मित्रांना आवाजी संदेश पाठवा. वर्षभर न बोललेले लोकही उत्तर देतात.

तिथला माणूस कसा सांभाळावा

भाषाविनिमयाच्या अ‍ॅपवर माणूस शोधताना प्रोफाइलमध्ये शहराचं नाव लिहा, 'स्पॅनिश हवं' एवढंच नको. बदल्यात त्याला काय देणार तेही लिहा. आमच्या मैत्रिणीला इंग्रजी हवं होतं. पुढे ती स्वतःहून मराठी विचारू लागली आणि 'जिवावर आलंय' तिचं आवडतं झालं.

वेळेचं गणित सोपं आहे. ब्वेनोस आयरेस आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसात म्हणजे तिथे सकाळचे अकरा, मातेची वेळ. आपली रविवार सकाळ आठ म्हणजे त्यांची शनिवार रात्र साडेअकरा. तिथे जेवणंच नऊ-दहाला होतात, त्यामुळे लोक जागे असतात.

'याचा अर्थ काय' हा प्रश्न कमी विचारा. त्याऐवजी विचारा: 'एस्तो से लो दिरीआस आ तू हेफे?', हे तू तुझ्या साहेबांना म्हणशील का? मग 'आ तू स्वेग्रा?', सासूला? या दोन प्रश्नांनी शब्दाची पातळी जितकी उलगडते तितकी कोशाने उलगडत नाही. आणि त्याच्या सगळ्या संदेशांची चिरफाड करू नका. आठवड्यातून एक शब्द विचारा. बाकी वेळ खरंच गप्पा मारा.

कोश आणि परीक्षा

स्पॅनिश भाषेच्या अकादम्यांनी मिळून २०१० मध्ये अमेरिका खंडातल्या शब्दांचा मोठा कोश काढला. तो इंटरनेटवर फुकट पाहता येतो. नोंदीतले देशांचे संक्षेप आधी वाचा, मग शब्द घरगुती, तुच्छतेचा की कानाला असभ्य, हे सांगणाऱ्या खुणा. अर्थ सर्वांत शेवटी.

'बोस' बोललो तर परीक्षेत गुण जातील का, ही भीती अनेकांना असते. स्पॅनिशची पातळी तपासणाऱ्या सिएले या परीक्षेच्या संयोजकांत ब्वेनोस आयरेस विद्यापीठच आहे. 'बोस' चालतं, फक्त सुरू केलं की शेवटपर्यंत तेच ठेवा, मध्येच 'तू'वर जाऊ नका. लेखी उत्तरात लुन्फार्दो मात्र घालू नका.

दुसरं शहर कधी

रेडिओवरचे दोन निवेदक हसले आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही हसलात, असं महिनाभर होऊ लागलं की समजा वेळ झाली. मग शेजारचं शहर घ्या, लांबचं नको. आम्ही गेल्या महिन्यात, वहीतल्या वहीत, रिओ दे ला प्लाता नदी ओलांडून उरुग्वेच्या राजधानीला, मोंतेविदेओला आलो. 'बोस' तेच, माते तोच, फक्त इथे लोक थर्मास काखेत धरून रस्त्याने चालतात. 'चे'च्या जोडीला 'बो' ऐकू येतो, पोरगा 'पीबे'ऐवजी 'गुरी' होतो, आणि 'दाले'च्या जागी एकच अक्षर येतं. नव्या वहीतली पहिली चिठ्ठी त्याचीच आहे: 'ता'. बसच्या तिकिटासाठी रांगेत उभी असलेली आजी, नातवाला, घाईत. आणि खाली मराठीत: 'बरं बरं, झालं, चल.'